गायोच्या कॉफीगावात तीन महिने राहायचं असेल तर

अमरावतीच्या एका ताईंनी विचारलंय. चिखलदऱ्याजवळ वडिलांची थोडी कॉफी आहे, स्वतः कृषी पदवीधर आहेत, आणि छोटे शेतकरी कॉफी कशी करतात हे शिकायला इंडोनेशियातल्या आचे प्रांतात, गायो पठारावरच्या एखाद्या गावात जानेवारी ते मार्च राहायचं त्यांच्या मनात आहे. एकट्या जाणार, हिंदू, शाकाहारी. घरचे म्हणतात, तिथे शरिया कायदा आहे, जाऊ नकोस. म्हणून प्रश्न एवढाच : एकट्या मुलीला तिथे जमेल का?

मी कॉफीची प्रत तपासण्याचं काम करते. बारा वर्षं झाली, जवळपास प्रत्येक हंगामात पाच-सहा आठवडे गायो पठारावरच्या बेनेर मेरिया जिल्ह्यातल्या एका गावात, एकाच घरी मुक्काम असतो. माझं उत्तर : जमेल, आणि नक्की जा. पण 'जमेल का' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. खरा प्रश्न आहे, तुम्ही कोणाच्या घरी राहणार? ते ठरलं की कपडे, जेवण, संध्याकाळी बाहेर पडणं, पुरुषांशी बोलणं, या सगळ्याची उत्तरं आपोआप मिळतात. ते ठरलेलं नसेल, तर कायद्याची कितीही माहिती काढा, उपयोग नाही.

आधी जागा समजून घेऊ. गायो पठार सुमात्राच्या उत्तर टोकाला, आचेच्या पोटात आहे. मध्ये लाउत तावार नावाचं मोठं तळं, म्हणजे शब्दशः गोड्या पाण्याचा समुद्र, आणि काठावर ताकेंगोन हे गाव, सुमारे १२०० मीटरवर. कॉफीची गावं तिथून वर १६०० मीटरपर्यंत पसरलेली. उंची आपल्या महाबळेश्वरच्या आसपासची, पण विषुववृत्त जवळ असल्याने उन्हाळा-हिवाळा असा फरक नाही. बाराही महिने दुपारी ऊन, संध्याकाळी ढग आणि रात्री गोधडी. घरापाठीमागे लगेच बाग सुरू होते. एका घराची जमीन बहुधा एक हेक्टरच्या आसपास, त्यात अरेबिका, आणि सावलीला लामतोरो. हे झाड पाहून तुम्हाला हसू येईल, कारण ती आपली सुबाभूळ आहे. आपल्याकडे बांधावर चाऱ्यासाठी लावतो, तिथे संपूर्ण बाग तिच्या विरळ सावलीत उभी असते. मधूनमधून अॅव्होकाडो, केळी, मिरची.

इथले लोक गायो. किनाऱ्यावरच्या आचेकरांपेक्षा त्यांची भाषा वेगळी, रीत वेगळी. जावाहून येऊन स्थायिक झालेली कुटुंबंही पुष्कळ आहेत. धर्म जवळजवळ सगळ्यांचा इस्लाम. कॉफी या डोंगरात डचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणली. आणि डचांनी १६९९ मध्ये जावात जी कॉफी रुजवली, ती मलबार किनाऱ्यावरून नेलेली होती. मी गावात पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा घरातले आजोबा म्हणाले, मग तू माहेरच्या झाडाची चौकशी करायला आलीस. तेव्हापासून माझी ओळख अशीच करून देतात.

आता कायदा. आचे हा इंडोनेशियातला एकमेव प्रांत आहे जिथे शरियावर आधारित फौजदारी नियम लागू आहेत. २०१४ साली ते संमत झाले, २०१५ पासून अमलात आहेत. दारू, जुगार, आणि लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषांनी बंद जागेत एकांतात असणं, याला शिक्षा आहे, आणि ती शिक्षा फटक्यांचीही असते. यावर पांघरूण घालायचं कारण नाही. तुमच्या घरच्यांची काळजी उगाच नाही. इतर धर्मीयांना हे नियम मुख्यतः लागू होत नाहीत, काही अपवाद आहेत. डोक्यावर स्कार्फ बांधायची तुमच्यावर सक्ती नाही. मी बांधत नाही, पण एक ओढणी कायम गळ्यात असते आणि मयताला किंवा मशिदीच्या आवारात गेले की डोक्यावर घेते. सैल, पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे कपडे. आपला सलवार-कुर्ता उत्तम, बायका शिलाई कशी आहे ते हात लावून बघतात.

पण गावात रोजच्या जगण्यात कायद्याचं पुस्तक फारसं येतच नाही. जे येतं ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. एका संध्याकाळी माल गोळा करणारा एक तरुण नमुने घेऊन आला. बाहेर पावसाची झड येत होती, कागद भिजायला लागले, म्हणून मी त्याला पुढच्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. घरात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. दहा-बारा मिनिटं आम्ही दाण्यांच्या आर्द्रतेचे आकडे लिहीत होतो, तो गेला, मी विसरूनही गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रेजे, म्हणजे गावचे प्रमुख, आले. ते मला एक अक्षरही बोलले नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी माझ्या घरमालकिणीला विचारलं, हलक्या आवाजात, मान खाली घालून. ती बाई, जिला मी इने म्हणते, गायोत इने म्हणजे आई, लाल झाली. तिने माफी मागितली. माझ्या चुकीची माफी तिने मागितली.

ते गेल्यावर मी रडले. तिने मला एकच सांगितलं : तू या छताखाली आहेस तोवर तुझं नाव म्हणजे माझं नाव. त्या दिवसापासून मी नियमांची यादी पाठ करणं सोडलं आणि इनेला विचारायला लागले. ताकेंगोनला एकटी जाऊ का? रात्री दिदोंगला जाऊ का? दिदोंग म्हणजे दोन संघांची रात्रभर चालणारी काव्याची जुगलबंदी, गोल बसून टाळ्या आणि छोट्या उशांच्या ठेक्यावर, आपल्या सवाल-जवाबासारखी. ती म्हणाली, जा, पण आकाबरोबर. आका म्हणजे मोठी बहीण, इथे तिची थोरली सून. मी पहाटे तीनपर्यंत बसले होते. कोणीही नाक मुरडलं नाही. तिथल्या बंधनांकडे मी तेव्हापासून असंच बघते : तुमची जबाबदारी कोणी घेतली आहे हे गावाला माहीत असलं की गाव सैल होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, गेस्टहाउसात राहून रोज गावात येण्याचा बेत असेल तर तो सोडा. एखाद्या कॉफी सहकारी संस्थेमार्फत जा. गायोत अशा संस्था बऱ्याच आहेत, काही बायकांनी चालवलेल्याही. त्या तुम्हाला सभासदाच्या घरी ठेवतात. घरात मोठी बाई आहे ना, एवढं आधी विचारून घ्या. पोचल्याच्या पहिल्याच दिवशी यजमानांबरोबर रेजेकडे जाऊन पासपोर्ट दाखवा. इंडोनेशियात बहुतेक वस्त्यांच्या तोंडाशी पाटी असते, 'तामू वाजिब लापोर', मुक्कामी पाहुण्याने चोवीस तासांच्या आत कळवणं बंधनकारक. तामू म्हणजे पाहुणा. त्यातला 'वाजिब' आपल्या 'वाजवी'चाच सख्खा भाऊ. रेजे, इमेम म्हणजे मशिदीचे इमाम, गावातली जाणती माणसं आणि रयत, या चौघांना मिळून साराक ओपात म्हणतात, आणि गावचा कारभार या चौकटीत चालतो. तुमची नोंद तिथे झाली की तुम्ही गावच्या झालात.

हा पाया पक्का झाला की मग कॉफी शिकता येते, जे तुमचं मूळ काम आहे. इथे मी थोडी रेंगाळणार, कारण तिथलं सगळं जगणं तिथल्या प्रक्रियेवर बेतलेलं आहे.

आपल्याकडे चिकमगळूर-कोडगूला धुतलेली कॉफी टरफलासकट पूर्ण वाळवतात, मग सोलतात. गायोत तसं नाही. सकाळी बायका लाल चेरी तोडतात, मोजमाप डब्याने, ज्याला कालेंग म्हणतात. दुपारी अंगणात हाताने फिरवायच्या पल्परमधून साल निघते, बुळबुळीत बिया रात्रभर बादलीत किंवा पोत्यात आंबतात, सकाळी धुऊन ताडपत्रीवर पसरतात. आणि फक्त काही तास ऊन दाखवून, आत अजून चाळीस टक्क्यांच्या आसपास ओल असताना, शेतकरी ती गाबा, म्हणजे टरफलातला दाणा, म्हणून विकून मोकळा होतो. गिरणीत ते ओलं टरफल ओलेपणीच काढलं जातं आणि उघडे दाणे मग बारा-तेरा टक्क्यांवर वाळवले जातात. याला गिलिंग बासा म्हणतात, ओली भरडाई. दाणा निळसर हिरवा दिसतो, कपात आंबटपणा कमी आणि अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, भरदार.

पुस्तकात हे चवीचं तंत्र म्हणून वाचाल. पण एक आठवडा अंगणात बसलात की कारण दिसेल. दुपारी दोननंतर ढग कधी उतरतील सांगता येत नाही. इने दाणा दोन बोटांत धरून नखाने दाबते, टरफल सुटतंय का बघते, मग मूठभर उचलून कानाशी हलवते. नुसता आकाशाचा रंग बदलला की अंगणातल्या सगळ्या बायका न बोलता ताडपत्रीची चार टोकं धरतात. असरची, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजाची बांग, पावसाचा पहिला थेंब आणि माल घ्यायला येणाऱ्याची मोटारसायकल, हे तिन्ही बहुतेक एकदमच येतं. पूर्ण वाळवायला दोन-तीन आठवडे हवेत, तेवढं ऊन नाही, तेवढी जागा नाही, आणि तेवढे दिवस पैसे अडकवून ठेवायची ऐपत बहुतेकांना नाही. घरातल्या मुलाची फी परवा भरायची असते. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला तोके म्हणतात. हंगामाआधी उचल देणारा तोच, मग भावही तोच सांगतो. आपल्याकडे अडत्याकडून उचल घेणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सहकारी संस्थांचं खरं मोल इथे आहे. चिखलदऱ्यासाठी तुम्हाला काही घेऊन यायचं असेल तर ओली भरडाई आणू नका, तिथे कोरडं ऊन मिळतं. संस्था भाव कसा ठरवते, पैसे किती दिवसांत देते, ते वहीत उतरवून आणा.

झाडांबद्दल वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात : तिमतिम हा तिमोर संकराचा वाण जुन्या बागांत भेटेल, आतेंग हा ठेंगणा आणि भरपूर लागणारा. गायो १ आणि गायो २ हे निवडक वाण आहेत. तांबेरा आणि फळ पोखरणारा बारीक भुंगा, दोन्ही दुखणी तुमच्या ओळखीचीच निघतील. गायो अरेबिकाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

एक गोष्ट मात्र मुद्दाम बघा, म्हणजे कोणी दाखवली तर. जुन्या पिढीत फुलोऱ्याच्या वेळी कॉफीचा निकाह लावायचा एक मंत्र होता. कॉफीला सिती केवे म्हणून हाक मारायची, बिस्मिल्ला म्हणायचं, आणि तिचं लग्न वाऱ्याशी लावायचं : पाणी तुझा वली, म्हणजे तुझ्या बाजूचा पालक, माती तुझी साक्षीदार, सूर्यही साक्षीला. मला आजोबांनी तो बागेत, पांढऱ्या फुलांखाली उभं राहून म्हणून दाखवला. आपण तुळशीचं लग्न लावतो, त्यामुळे मला तो क्षणभरही परका वाटला नाही. सगळ्यांना तो आवडतो असं नाही. काही तरुण म्हणतात हे धर्मात बसत नाही. तुम्ही त्या वादात पडू नका, कोणी सांगितलं तर ऐका.

आता महिने. जानेवारी ते मार्च हा तुमचा बेत मला बदलावासा वाटतो. मोठी तोड ऑक्टोबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत असते, नंतर एप्रिल-जूनच्या सुमारास छोटी. उंचीप्रमाणे आणि पावसाप्रमाणे हे मागेपुढे होतं. शिवाय २०२६ आणि २०२७ दोन्ही वर्षी रमजान फेब्रुवारीत सुरू होतो. रमजानात गावाबद्दल फार कळतं, बागेबद्दल कमी, कारण दिवसाचं काम मंदावतं. रोज्याला ते पुआसा म्हणतात, तो शब्द आपल्या 'उपवासा'वरूनच गेलेला. मी एकदा सगळा महिना तिथे होते. कोणी मला उपाशी राहायला सांगितलं नाही. इने सकाळी माझं ताट झाकून ठेवायची आणि मी स्वयंपाकघरात बसून खायची. दुसऱ्या आठवड्यापासून मी आपली एकादशी समजून काही दिवस धरले, संध्याकाळी सगळ्यांबरोबर मुगाची खीर, नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून केलेली. तो महिना मला प्यारा आहे, पण तुमचा हेतू कॉफी शिकण्याचा आहे, म्हणून मध्य ऑक्टोबरला जा.

त्यात एक धोका आहे, तो लपवणार नाही. हाच काळ जोरदार पावसाचा. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस सुमात्रावर झालेल्या अतिवृष्टीत डोंगर खचले, पूल तुटले आणि गायो पठार कित्येक दिवस खालच्या जगापासून तुटलं. निघण्यापूर्वी बिरुएनहून वर येणाऱ्या रस्त्याची स्थिती संस्थेला विचारा, किनाऱ्यापासून तो सुमारे शंभर किलोमीटर घाटाचा आहे. बेनेर मेरियात रेम्बेलेला छोटा विमानतळ आहे, पण ढगांवर अवलंबून. परतीच्या विमानाआधी चार दिवस मोकळे ठेवा. व्हिसाचंही बघा : आगमनावर मिळणारा व्हिसा तीस दिवसांचा, एकदाच तीस दिवस वाढतो. तीन महिन्यांना तो पुरत नाही, आणि त्यावर कामही करता येत नाही. आधी वकिलातीत विचारून योग्य प्रकारचा व्हिसा काढा.

जेवणाचं. शाकाहारी राहणं शक्य आहे, पण तोंडाने स्पष्ट सांगावं लागतं, कारण 'भाजी' म्हटली तरी त्यात सुकी मासळी असू शकते आणि मिरचीच्या ठेच्यात कोलंबीची पेस्ट. 'मांस नाही, मासा नाही, सुकी मासळीही नाही' हे वाक्य इंडोनेशियनमध्ये पाठ करा. भात तिन्ही त्रिकाळ, सोयाबीन आंबवून केलेलं टेंपे, टोफू, कसाव्याचा पाला, बटाटा, कोबी, अॅव्होकाडो हवं तेवढं. लेपात करतील तेव्हा तुम्हाला घरची आठवण येईल : तांदळाचं पीठ, आत खोबरं-गूळ, केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेलं, जवळजवळ आपली पातोळीच. तूरडाळ आणि गोडा मसाला न्या, आठवड्यातून एकदा तुम्ही सगळ्यांना वरण-भात करून घाला. फक्त केंदुरीला अवघड जातं. आपल्याकडे पिराच्या कंदुरीला बोकड असतो, तोच शब्द आणि तीच रीत. तिथे न खाताही जा. मी बायकांबरोबर कांदे सोलायला बसते आणि शेवटी भात-भाजी घेते. मांस का खात नाही याचं कारण विचारतात, रागाने नाही, कुतूहलाने. 'आमच्या घरची रीत' एवढं उत्तर पुरतं.

एका विषयाला मात्र स्वतःहून हात घालू नका. आचेत १९७६ पासून २००५ पर्यंत सशस्त्र संघर्ष होता. १५ ऑगस्ट २००५ ला हेलसिंकीत करार होऊन तो थांबला. त्या काळात या डोंगरात गावं ओस पडली, बागा जंगलात गेल्या, आणि आज शेजारी राहणारी घरं तेव्हा वेगवेगळ्या बाजूंना असू शकतात. इनेने मला सहाव्या वर्षी, तोड संपल्यावर, एका बांधावर बसून तिच्या भावाची गोष्ट सांगितली. मी विचारलं नव्हतं.

तुमच्या घरच्यांना काय सांगायचं, हेही विचारलंय तुम्ही. यजमानीणबाईंशी आईचं व्हिडिओवर बोलणं करून द्या, दुभाषा संस्थेतलं कोणीही होईल. भाषा न कळताही दोन आया एकमेकींना ओळखतात, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलं आहे. आणि निघण्यापूर्वी दोन महिने इंडोनेशियन शिका. लिपी रोमन, क्रियापदांना काळ-लिंगाची रूपं नाहीत, आणि 'भाषे'ला बाहासा, 'खबर'ला काबार, 'मधा'ला मादू, 'नवऱ्या'ला सुआमी म्हणतात. शंभर शब्द तुम्हाला आधीच येतात. गायो भाषा तिथे गेल्यावर कानावर पडेल. पंधरा दिवसांत तुम्हाला 'इपाक' म्हणायला लागतील, घरच्या मुलीला मारायची हाक आहे ती.

जाताना भेट म्हणून साड्या, मूर्ती, मिठाईचे मोठे डबे नेऊ नका. वडिलांच्या बागेतली अर्धा किलो कॉफी न्या. भाजलेली. हिरवे दाणे क्वारंटाइनमध्ये अडतात आणि अडायलाच हवेत, त्यांच्या बागांना नवीन रोग नको. त्या घरातली बाई पुडी उघडून आधी नाकाशी धरेल, मग पाणी उकळायला ठेवेल, ताडगुळाचा खडा पुढे करेल आणि विचारेल की एका झाडाला किती चेरी लागतात, सावलीला काय लावलंय, पाऊस कधी पडतो. ही तीन उत्तरं वडिलांकडून नीट विचारून घेऊन जा.